आयसीयूतलं संशोधन: संमतीच्या सहीपासून निकालाच्या फोनपर्यंत

आयसीयूतल्या पेशंटवर संशोधन करायचं म्हटलं की पहिली अडचण ही, की ज्याला विचारायचं तोच बोलण्याच्या स्थितीत नसतो. तोंडात नळी, झोपेचं औषध चालू, नाहीतर धाप इतकी की दोन शब्दांनंतर थांबावं लागतं. मग विचारायचं बाहेर बसलेल्या मुलाला, बायकोला, भावाला. त्यांची अवस्था काय असते ते वेगळं सांगायला नको.

मी बी. फार्म. करून क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये रिसर्च को-ऑर्डिनेटर म्हणून लागले. सुरुवातीची वर्षं डायबेटिस आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्यांच्या चाचण्यांवर गेली. ओपीडीतला पेशंट संमतीपत्र घरी नेतो, सुनेला वाचायला देतो, फॅमिली डॉक्टरांना विचारतो आणि चार दिवसांनी येऊन सही करतो. आयसीयूत चार दिवस नसतात. कोविड आल्यावर ओपीडीच्या चाचण्या जवळजवळ थांबल्या आणि मला आयसीयूतल्या एका चाचणीवर घेतलं. तिचं नाव कोविड स्टेरॉइड २.

तिची पार्श्वभूमी सांगते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर केला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं होतं, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. जुनं, स्वस्त, तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्येही मिळणारं इंजेक्शन जीव वाचवतं हे कळणं किती मोठं होतं, ते त्या वेळी आयसीयूत ड्यूटी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. त्या चाचणीत रोजचा डोस होता ६ मिलिग्रॅम. पण सहाच का? फुफ्फुसं निकामी करणाऱ्या एआरडीएसमध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी रोज २० मिलिग्रॅमने सुरुवात करून चांगला परिणाम पाहिला होता. मग कोविडच्या गंभीर पेशंटला १२ दिले तर आणखी लोक वाचतील, की एवढ्या स्टेरॉइडने उलट जंतुसंसर्ग वाढेल? दोन्ही बाजूंनी बोलणारे अनुभवी डॉक्टर होते आणि खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि भारत अशा चार देशांतल्या २६ हॉस्पिटलांत ऑगस्ट २०२० ते मे २०२१ या काळात हजार पेशंट घेऊन ही चाचणी झाली. निम्म्यांना रोज १२, निम्म्यांना ६, जास्तीत जास्त १० दिवस.

चाचणीची सूत्रं कोपनहेगनहून हलत होती, याचं मला फार अप्रूप वाटायचं. अतिदक्षता विभाग या कल्पनेचं मूळच त्या शहरात आहे. १९५२ मध्ये तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये एकामागून एक येत होती आणि यंत्रं होती मोजकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं, की घशाला छेद देऊन नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्या. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने त्या पिशव्या दाबत बसले. शेकडो मुलं जगली. हे मला आमच्या इन्टेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूतज्ज्ञ, सरांनी सांगितलं. पीपीई चढवून आत जायला पाय उचलत नसे तेव्हा मला ते विद्यार्थी आठवायचे.

काम सुरू व्हायचं सकाळच्या स्क्रीनिंगने. रात्रीत कोण दाखल झालं, कुणाला मिनिटाला १० लिटर किंवा त्याहून जास्त ऑक्सिजन लागतो, कोण व्हेंटिलेटरवर गेलं, याची यादी करायची. यादी मोठी व्हायची, पण चाचणीत बसणारे त्यातले थोडेच निघत. चालू क्षयरोग असेल तर नाही. गरोदर असेल तर नाही. आधीच पाच दिवस किंवा जास्त सलग स्टेरॉइड चालू असेल तर नाही. या शेवटच्या अटीवर आमच्याकडे फार पेशंट गळायचे. गावातल्या डॉक्टरांनी ताप आला त्याच दिवशी मेड्रॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केलेल्या असत, कधीकधी तर ऑक्सिजन ९८ असताना. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना स्टेरॉइडचा फायदा नाही हे रिकव्हरीने सांगितलेलं होतं, पण ते अर्ध्यावरच पोचलं होतं. ‘स्टेरॉइड चालतं’ एवढंच पोचलं, ‘कुणाला आणि कधी’ हे वाटेत राहून गेलं. मला याचा तेव्हाही फार राग यायचा आणि आजही येतो.

यादीतून उरलेल्या पेशंटसाठी संमती. भारतात यासाठी २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एथिक्स कमिटीने मंजूर केल्याशिवाय आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय एकही पेशंट घेता येत नाही. पेशंट स्वतः संमती देऊ शकत नसेल तर कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी, आमच्या भाषेत एलएआर, सही करतो. त्याला वाचता येत नसेल तर एक तटस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. संमतीपत्र मराठीत होतं. मराठीत होतं म्हणजे कळत होतं असं नाही. ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’ हे वाचून कुणाला काय उमगणार? मी कागद हातात ठेवून तोंडी साध्या भाषेत सांगायचे, मग त्यांनाच विचारायचे, की आता तुम्ही घरी फोन करून काय सांगाल ते मला सांगा. तो फोन नीट झाला की समजायचं, पोचलं.

एक संमती अगदी तपशिलात आठवते. आई हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर, मिनिटाला पन्नास लिटरच्या पुढे. मुलगा तिशीतला, भाजीचा टेम्पो चालवणारा, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये टेम्पोतच मुक्काम. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून मीच खाली गेले. मास्क, वर शील्ड, त्यामुळे त्याला माझे फक्त डोळे दिसत होते. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तुम्हाला जो चांगला वाटतोय तो डोस द्या की. आम्ही कुठं नाही म्हणतोय?”

“दादा, कुठला चांगला ते माहीत असतं तर मी विचारायलाच आले नसते. दोन्हीपैकी कुठला द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. मला कळणार नाही, डॉक्टरांनाही कळणार नाही.”

“म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं?”

“हो, तसंच.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आईच्या जिवावर चिठ्ठ्या टाकायच्या का?”

याला पाठ केलेलं उत्तर चालत नाही. मी म्हटलं, चाचणीत नाही आलात तरी आईंना सहा मिळणारच आहे, कारण आज सगळीकडे तेवढंच देतात. चाचणीत आलात तर सहा किंवा बारा, त्याहून कमी कुणालाच नाही. बाराने फायदा होईल की तोटा, हे मला खरंच माहीत नाही. आणि नाही म्हणालात तरी वरच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हे मी लिहून देते. त्याने नारायणगावला मामांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मामांनी दोनच प्रश्न विचारले. याचे पैसे वेगळे लागणार का? आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येईल का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो, कधीही, कारण न देता. इतके नेमके प्रश्न मी शिकलेल्या माणसांकडूनही क्वचित ऐकलेत. टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून मुलाने सही केली, तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. ती वेळ फार महत्त्वाची असते. पहिला डोस त्याच्या आधी गेला तर संमतीला अर्थच उरत नाही, आणि मॉनिटर, म्हणजे चाचणीच्या नोंदी तपासायला येणारा माणूस, फाइल उघडल्यावर सगळ्यांत आधी तेच पाहतो.

नाही म्हणणारेही होते. एका बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “नको. मला आत्ता काही ठरवता येत नाहीये, आणि ठरवता येत नसताना मी हो म्हणणार नाही.” मी त्यांचे आभार मानले आणि तसंच लॉगमध्ये लिहिलं.

‘कंपनीवाल्यांचं काहीतरी असेल’ हा संशय मात्र रोजचा. त्यावर मी बारामतीचं उदाहरण द्यायचे. शेतीची फवारणीची औषधं पोटात गेलेल्या पेशंटना ‘पाम’ हे इंजेक्शन कसं द्यावं, थोड्या थोड्या वेळाने की सतत, याची २०० पेशंटवरची चाचणी बारामतीत झाली आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ज्यांना पाम सतत चालू ठेवलं त्यांच्यात मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. ग्रामीण भागातल्या जवळजवळ प्रत्येक घराला पाम ठाऊक असतं, कुणा ना कुणासाठी धावपळ केलेली असते. हा प्रश्न आपल्या मातीतला आणि उत्तर शोधणारेही आपले, हे ऐकल्यावर समोरचा माणूस जरा सैलावायचा. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत पामचा फायदा दिसला नाही, हेही मी कुणी विचारलं तर सांगायचे. एका चाचणीने प्रश्न मिटत नाही, म्हणून तर आम्ही पुन्हा पुन्हा दारात येतो.

संमती झाली की कॉम्प्युटरवर नोंद, गट ठरतो, औषध भरणारी व्यक्ती वेगळी. तिला डोस माहीत, पण ती पेशंटच्या उपचारात नाही. उपचारातल्या कुणालाही डोस माहीत नाही. वॉर्डात येते ती चाचणीचं लेबल लावलेली सिरिंज. सिस्टर ती देतात आणि वेळ लिहितात. त्यानंतर माझं काम म्हणजे आकडे. आज व्हेंटिलेटर होता का, रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू होतं का, डायलिसिस झालं का. चाचणीचा मुख्य हिशोबच तो होता, की २८ पैकी किती दिवस पेशंट जिवंत होता आणि या तीन आधारांवाचून होता. सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळणं), बुरशीचा गंभीर संसर्ग, पोटात मोठा रक्तस्राव, औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी, यांपैकी काही झालं तर त्याची वेगळी नोंद.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, याच हिशोबाने माझी झोप उडवली. हॉस्पिटलला ऑक्सिजनचा टँकर येईल की नाही याची चिंता, खाटेसाठी रुग्णवाहिका बाहेर रांगेत, आणि मी आत लॅबचे रिपोर्ट शोधत फिरतेय. एका रेसिडेंट डॉक्टरने विचारलं, “हे आत्ता गरजेचं आहे का?” सरांनी उत्तर दिलं, की आत्ताच गरजेचं आहे, कारण हे आत्ता मोजलं नाही तर पुढच्या लाटेतही आपण असेच अंदाजाने डोस देत बसू. मे महिन्यात म्युकरमायकोसिसच्या बातम्या आल्या तेव्हा नातेवाईक विचारू लागले, की तुमच्या जास्त डोसने काळी बुरशी होईल का? स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांमुळे धोका वाढतो हे खरंच होतं, आणि ते मी लपवलं नाही. साखर किती वेळा तपासतो, नाकाडोळ्यांकडे कसं लक्ष ठेवतो, ते सांगायचे. त्या आठवड्यांत बरेच जण नाही म्हणाले.

त्याच दिवसांत प्लाझ्मासाठी, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, चाललेली वणवण पाहून जीव तुटायचा. आयसीएमआरने २०२० मध्ये देशातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर प्लासिड चाचणी केली होती. प्लाझ्माने आजार गंभीर होणं थांबलं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरी पुढच्या एप्रिलमध्ये लोक बी पॉझिटिव्ह डोनरसाठी रात्र रात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विनवण्या करत होते, दागिने गहाण टाकत होते. राष्ट्रीय उपचारपद्धतीतून प्लाझ्मा काढला गेला तो मे २०२१ मध्ये. ज्या ४६४ माणसांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी अंगठे-सह्या दिल्या, त्यांनी देशाला उत्तर मिळवून दिलं होतं, आणि सात महिने ते कागदावर पडून राहिलं. संशोधन संपतं कधी, याबद्दलचं माझं मत तेव्हा पक्कं झालं. पेपर छापून आला म्हणजे काम संपलं, असं मी मानत नाही.

पेशंट घरी गेला की फोन सुरू. २८ दिवसांनी, ९० दिवसांनी, १८० दिवसांनी. नव्वदाव्या दिवसाच्या फोनची मला धास्ती असायची. हॉस्पिटलमधून चालत गेलेला माणूस मधल्या काळात गेलेला असू शकतो आणि फोन त्याच्याच नंबरवर लागतो. पलीकडून बाईचा आवाज आला की मी आधी फक्त माझं नाव आणि हॉस्पिटल सांगून थांबायचे, त्यांना बोलू द्यायचे. प्रोटोकॉलला हवी असते मृत्यूची तारीख. ती मिळते, पण त्याच्या आधी अर्धा तास ऐकावं लागतं, आणि ते ऐकणं हा या कामाचाच भाग आहे असं मी नव्या मुलींना शिकवते.

१८० दिवसांच्या फोनवर पाच प्रश्न असत: चालणं, अंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, चिंता. शेवटी, आजची तब्येत शून्य ते शंभरमध्ये किती. एका शेतकरी काकांनी मला सविस्तर उत्तर दिलं. मोटर चालू करायला विहिरीपर्यंत जातो, पण पायऱ्या उतरत नाही. अंघोळ स्वतः करतो, पाणी मात्र मुलगा काढून देतो. रात्री मशीनचा पीं पीं आवाज अजून ऐकू येतो. “शंभरात किती लिहू, काका?” “साठ लिहा. कांदा लावून झाला की परत फोन करा, मग वाढवून सांगतो.” मी साठ लिहिलं. बाकीचं मावायला त्या फॉर्ममध्ये जागा नव्हती, पण आयसीयूतून वाचलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य कसं जातं ते मला अशा बोलण्यातूनच समजलं.

आमच्या चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. १२ मिलिग्रॅमच्या गटात आधारांशिवायचे जिवंत दिवस मध्यक (निम्मे पेशंट त्याच्या खाली, निम्मे वर) २२, सहाच्या गटात २०.५. २८ दिवसांतले मृत्यू २७.१ टक्के विरुद्ध ३२.३ टक्के. फरक बाराच्या बाजूने, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर खात्रीने सांगण्याइतका नाही. गंभीर दुष्परिणाम बाराच्या गटात वाढलेले नव्हते: ११.३ टक्के विरुद्ध १३.४.

आमच्या शेवटच्या पेशंटचा १८० दिवसांचा फोन झाल्यावर मी सरांकडे गेले आणि म्हटलं, आता हे घरोघरी कळवूया. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. सर तयार झाले. एका पानाचा मराठी मजकूर केला, एथिक्स कमिटीकडे पाठवला. कमिटीतल्या सामान्य नागरिक म्हणून असलेल्या सदस्य, निवृत्त शिक्षिका, यांनी त्यातली निम्मी वाक्यं कापली आणि पान दुप्पट चांगलं केलं. मग मी फोनला बसले.

बऱ्याच जणांना आधी वाटलं, बिलाचं काही राहिलंय. एका ताईंचे यजमान गेले होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे आमच्या ह्यांच्यामुळे हे कळलं?” मी म्हटलं, हजार जणांमुळे कळलं, त्यांत ते एक. त्या म्हणाल्या, तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मुलीला दाखवायचा आहे. काही जणांनी पुन्हा फोन करू नका म्हणून सांगितलं, ते नंबर मी यादीतून काढले.

टेम्पोवाल्या मुलाची आई व्हेंटिलेटरवर गेली होती आणि वाचली नव्हती. त्याला फोन लावायला मी दोनदा हात मागे घेतला. त्याने सगळं ऐकलं आणि मला भीती होती तोच प्रश्न विचारला, “तिला सहाच मिळालं असेल तर, ताई?” मी सांगितलं, की तिला कुठला डोस मिळाला ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. सहा मिळालं असेल तर त्या वेळी जगात जे सर्वांत खात्रीचं होतं ते मिळालं. आणि बारा मिळालेले लोकही गेले, सहा मिळालेले घरी आले, त्यामुळे एकट्या पेशंटबद्दल हा निकाल काहीच सांगू शकत नाही. “पण पुढच्याला उपयोग होईल ना?” “होतोय. डॉक्टर आता डोस ठरवताना हे आकडे बघतात.” तो म्हणाला, मामांना तुम्हीच सांगा, आणि फोन त्यांच्याकडे दिला. मामांनी या वेळीही दोनच प्रश्न विचारले. हा निकाल कुठं छापून आलाय? आणि मराठीत का नाही?

आता आमच्याकडे सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, पेशंटवरचं नवं काम आलं आहे. संमतीपत्राच्या शेवटी एक रकाना आम्ही वाढवून घेतला आहे: ‘चाचणीचा निकाल तुम्हाला कळवावा का? कळवायचा असल्यास कुणाला, आणि कोणत्या नंबरवर?’ कमिटीतल्या शिक्षिका बाईंनी तो मोठ्या टायपात छापायला लावला. आतापर्यंत बहुतेकांनी ‘हो’वर खूण केली आहे, आणि बऱ्याच जणांनी नंबर दोन दोन दिलेत, एक स्वतःचा आणि एक घरातल्या शिकणाऱ्या मुलाचा.